अमेरिकेत मुलांकडे आलेल्या आईबाबांसाठी ट्रेलवरची सायकल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एकोणसत्तर वर्षांची. माहेर बार्शी, नोकरी सगळी पुण्यात, टेलिफोन खात्यात झाली. लेक व्हर्जिनियात ॲशबर्नला असते, त्यामुळे दीड-दोन वर्षांतून एकदा पाच-सहा महिने तिच्याकडे येणं होतं. पहिल्या दोन खेपा मी घरात बसून काढल्या. इथे दुधाची पिशवी आणायची तरी कुणीतरी गाडी काढावी लागते. पुण्यात वर्षानुवर्षं स्वतःच्या सायकलने ऑफिस गाठलेल्या बाईला हे फार जड जातं. तिसऱ्या खेपेला घराजवळची डब्ल्यू अँड ओडी (वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन) ट्रेल सापडली आणि इथलं राहणंच बदललं.

आता गणेशोत्सवात, नातवंडांच्या वाढदिवसाला, तळ्याकाठच्या बाकावर भेटणारे काका-काकू तेच तेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून काढलं आहे. उदाहरणं माझ्या ट्रेलची आहेत, पण बऱ्याच गोष्टी कुठल्याही डांबरी ट्रेलला लागू पडतील.

ट्रेल म्हणजे नेमकं काय? रस्ता की बाग?

दोन्ही. डांबरी वाट आहे, पण तिच्यावर मोटारगाडी येत नाही. चालणारे, पळणारे, सायकलवाले, बाबागाड्या ढकलणाऱ्या आया, एवढेच. आमची ट्रेल ४५ मैलांची, म्हणजे साधारण ७२ किलोमीटर. वॉशिंग्टन शहराला लागून असलेल्या आर्लिंग्टनमधल्या शर्लिंग्टनला ती सुरू होते आणि फॉल्स चर्च, व्हिएन्ना, रेस्टन, हर्नडन, स्टर्लिंग, ॲशबर्न, लीसबर्ग करत पर्सेलव्हिलला संपते. जमिनीची पट्टी सुमारे शंभर फूट रुंद, म्हणून हिला लांबलचक, चिंचोळी बागच म्हणतात. व्हिएन्नापासून पश्चिमेला डांबरी वाटेच्या शेजारून घोड्यांसाठी खडीची वेगळी वाटही जाते.

हा मुळात रेल्वेमार्ग होता. १८५० च्या दशकात पोटोमॅक नदीकाठच्या अलेक्झांड्रियाहून पश्चिमेच्या कोळशाच्या खाणींपर्यंत रूळ न्यायचे ठरले. १८५९ पासून गाड्या धावू लागल्या, मग यादवी युद्धात रूळ उखडले गेले, पुन्हा टाकले गेले. पण ब्लू रिज डोंगर काही ओलांडता आला नाही, रूळ त्याच्या पायथ्याशी थांबले. पुढे मोटारी वाढल्या, १९५१ मध्ये प्रवासी गाडी बंद झाली आणि १९६८ मध्ये मार्गच बंद पडला. जमीन वीज कंपनीकडे गेली, म्हणून अजूनही बऱ्याच भागात डोक्यावर विजेचे मोठे मनोरे दिसतात. १९७४ साली फॉल्स चर्चमध्ये पहिला तुकडा लोकांसाठी डांबरी झाला आणि १९८८ मध्ये वाट पर्सेलव्हिलला पोचली. आज नोव्हा पार्क्स ही प्रादेशिक उद्यान संस्था तिची निगा राखते.

हा इतिहास मी हौसेने सांगत नाही. वय झालेल्या माणसासाठी सगळी मेख यातच आहे, ती पुढच्या प्रश्नात.

या वयात चढ झेपतील का?

झेपतात, कारण वाट आगगाडीसाठी आखलेली आहे. आगगाडीला मोटारीसारखा उभा चढ चढता येत नाही. म्हणून रूळ टाकणाऱ्यांनी जिथे टेकडी होती तिथे खोदलं, जिथे खोलगट होतं तिथे भराव घातला आणि चढ लांबवर पसरून सौम्य केला. लहानपणी बार्शी लाइटची छोटी गाडी मी रोज पाहिली आहे. किंचित चढ आला तरी तिचं इंजिन धापा टाकायचं. अशा गाडीला जे जमायचं ते आपल्या गुडघ्यांना जमतं, हा हिशोब मी मनाशी पक्का केला आहे. नवीन गावात ट्रेल शोधताना पहिला प्रश्न विचारायचा तो हाच, की ही जुन्या रेल्वेमार्गावर आहे का?

तरी चढ अजिबात नाही असं नव्हे. ॲशबर्न ते लीसबर्ग हलके चढउतार आहेत. लीसबर्ग सोडल्यावर मात्र क्लार्क्स गॅपपर्यंत साडेतीन-चार मैल वाट सतत वर जाते. नजरेला चढ दिसतही नाही, फक्त पायांना कळतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं सायकलचा ब्रेक अडकलाय. दोनदा उतरून चाक फिरवून पाहिलं. ब्रेक मोकळा होता, चढ होता. तिथे गियर हलका करून, घाई न करता, पाय गोल फिरवत राहायचं. वर क्लार्क्स गॅपला जुन्या दगडी कमानीखालून वाट जाते. ते मोठे घडीव दगड, सांध्यांतून उगवलेलं शेवाळ, उन्हाळ्यातही कमानीखालची गार हवा. मी दर वेळी तिथे उतरते, भिंतीला हात लावते, पाणी पिते. परतीला तो सगळा चढ उतार होऊन मिळतो.

चाळीस वर्षांत सायकलला हात लावलेला नाही. परत येईल का?

तोल येतो. तो शरीर विसरत नाही. अडचण होते ती चढण्या-उतरण्यात आणि मान वळवून मागे पाहण्यात. मी पाहिलेली आमच्या वयाच्या माणसांची बहुतेक पडझड चालू सायकलवर झालेली नाही, ती थांबताना किंवा निघताना झाली.

पहिले तीन-चार दिवस ट्रेलवर जाऊच नका. शाळेच्या सुट्टीच्या दिवशी शाळेचं पार्किंग रिकामं असतं, तिथे जा. सीट इतकी खाली करा की बसल्यावर दोन्ही पाय टेकतील. पायडल न मारता पायांनी जमीन ढकलत सायकल सरकवा. मग पायडल. निघताना आधी दोन्ही ब्रेक दाबून धरायचे, सायकल थोडी आपल्याकडे कलती करायची, पाय मधून पलीकडे टाकायचा आणि उजवं पायडल घड्याळात दोन वाजता काटा असतो तितकं वर आणून ठेवायचं. मगच ब्रेक सोडून त्या पायडलवर जोर द्यायचा. धावत जाऊन टांग टाकायची आपली जुनी सवय इथे पूर्ण बंद. थांबताना आधी वेग कमी, मग सीटवरून पुढे उतरून एक पाय जमिनीवर.

मान वळत नसेल तर हँडलला छोटा आरसा लावून घ्या. मला मानेचा त्रास आहे, आरशाशिवाय मी निघत नाही.

गॅरेजमध्ये जावयाची सायकल पडून आहे. ती चालेल ना?

बहुतेक वेळा नाही. जावयाची सायकल जावयाच्या उंचीची असते, वर तिचा दांडा उंच. थांबायची वेळ आली की पाय पोचत नाहीत आणि माणूस दांड्यावर आपटतो. असल्या सायकलच्या हट्टापायी माझ्या ओळखीतल्या एका काकांचं मनगट दुखावलं, महिनाभर हात गळ्यात होता.

आपल्याला हवी ती खाली वाकलेल्या दांड्याची, जिला आपण लेडीज सायकल म्हणत आलो. इथे ती पुरुषही बिनदिक्कत चालवतात, तेव्हा काकांनी संकोच करू नये. टायर मध्यम जाडीचे, फार खडबडीत नकोत. हँडल उंच, म्हणजे कणा सरळ राहतो आणि तळहातांवर भार येत नाही. सात-आठ गियर भरपूर झाले. जुन्या वस्तूंच्या विक्रीत चांगली सायकल मिळते, पण ती एकदा दुकानातून तपासून घ्या. कॅरिअर, स्टँड आणि घंटी बहुधा वेगळी बसवावी लागते, आणि तिन्ही हवीतच.

सीटची उंची हा गुडघ्यांचा प्रश्न आहे. सरावासाठी खाली ठेवलेली सीट तशीच ठेवली तर गुडघे दुखू लागतात आणि मग लोक म्हणतात सायकल सोसत नाही. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली नेलं की पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात थोडा बाक राहतो. तेवढी उंची पहिल्या दिवशी धीर देत नसेल तर दर आठवड्याला बोटभर वर करत जा.

ब्रेकबद्दल काही वेगळं आहे का?

आहे, आणि हे निघण्याआधी समजून घ्याच. आपल्याकडे स्कूटर-मोटारसायकलचा उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. अमेरिकेतल्या सायकलला डावा हात पुढच्या चाकाचा आणि उजवा मागच्या चाकाचा. आयुष्यभर स्कूटर चालवलेला माणूस घाबरून डाव्या हाताने करकचून ब्रेक दाबतो, पुढचं चाक जागच्या जागी थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. पार्किंगमध्ये दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून हातांना ओळख करून द्या. सरावाने दोन्ही एकत्र, हळूहळू दाबायचे.

साडीत जमेल का?

आपल्याकडच्या सायकलला चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी असायची, इथल्या सायकलला ती नसते. साडी नको, ओढणी तर मुळीच नको. पँट घातली तरी उजव्या पायाच्या घोट्याशी रबर किंवा पट्टी लावा. मंगळसूत्र कपड्याच्या आत.

मागून लोक ओरडतात, ‘ऑन युवर लेफ्ट’. ते रागावतात का?

नाही, ते सभ्यपणे सांगत असतात की मी तुमच्या डाव्या बाजूने पुढे जातोय. इथे उजवीकडून चालायचं आणि डावीकडून पुढे काढायचं, म्हणजे आपल्या बरोबर उलट.

हे मी पडून शिकले. पहिल्याच महिन्यात एका सकाळी मागून आवाज आला, ‘लेफ्ट’ एवढाच शब्द कानाने पकडला आणि जन्मभराच्या सवयीने मी हँडल डावीकडे वळवलं. मागच्या तरुणाने ब्रेक मारले, मी खडीच्या वाटेवर जाऊन पडले. तळहात सोलवटले. तो मुलगा दहा मिनिटं शेजारी बसून राहिला, स्वतःच्या बाटलीतलं पाणी हातावर ओतत होता आणि सारखं सॉरी म्हणत होता. चूक त्याची नव्हती. घरी आल्यावर नातवाने मला अंगणात पंधरा मिनिटं सराव करवला. तो मागून ओरडायचा आणि मी सरळ जात राहायचं. आता तो आवाज आला की मी फक्त एक करते, आहे तशी उजव्या कडेने सरळ जात राहते. वळायचं नाही, दचकायचं नाही, मागे पाहायचं नाही.

आपण कुणाला ओलांडताना घंटी वाजवायची आणि तेच तीन शब्द मोठ्याने म्हणायचे. कानात इयरफोन घातलेले, लांब दोरीवरचं कुत्रं, नुकतीच सायकल शिकलेली मुलं, यांच्याजवळ वेग अगदी कमी. घोडा दिसला तर घंटी नको. त्याच्या मालकाशी शांतपणे बोलत पुढे जा, म्हणजे घोड्यालाही कळतं की येणारा माणूसच आहे. मात्र थांबायचं असेल तर ट्रेलच्या मधोमध कधीच नाही. पूर्ण बाजूला, गवतावर. आपल्या मंडळींचा घोळका वाटेवरच गप्पांना उभा राहतो, ते इथे खरोखर धोक्याचं आहे.

रस्ते ओलांडावे लागतात का?

लागतात, आणि ट्रेलवरची सर्वांत जपायची जागा तीच. ट्रेलवर आपल्यासाठी छोटी ‘स्टॉप’ची पाटी असते. पाय टेकून पूर्ण थांबा. एक गाडी थांबली तरी शेजारच्या लेनमधली थांबेलच असं नाही, तिच्या ड्रायव्हरशी नजरानजर झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी तर मोठ्या रस्त्यांवर उतरून सायकल हातात धरून ओलांडते. काही ठिकाणी वाटेच्या मधोमध गाड्या अडवायला खांब रोवलेले असतात, ते लांबूनच हेरून ठेवा. लाकडी फळ्यांचा पूल ओला असेल तर ब्रेक दाबायचा नाही, वळायचं नाही.

गुडघेदुखी, रक्तदाब, मधुमेह… डॉक्टरांना विचारू का?

विचारा, भारतातून निघण्यापूर्वीच. मी डॉक्टर नाही, पण विचारायचे नेमके प्रश्न सांगते.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डोक्याला लागलेला साधा मारही गंभीर ठरू शकतो. हेल्मेट तर सगळ्यांनीच घालायचं, पण या लोकांनी पडल्यावर ‘काही झालं नाही’ म्हणून घरी बसायचं नाही, तपासून घ्यायचं. मधुमेहात इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर व्यायामाने साखर एकदम उतरू शकते. उपाशीपोटी निघू नका, खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखरेची पुडी ठेवा. हात थरथरले, घाम फुटला की आधी साखर, मग बाकीचा विचार. मेटोप्रोलोल किंवा ॲटेनोलोलसारखी गोळी घेणाऱ्यांची नाडी श्रम करूनही फार वाढत नाही, म्हणून घड्याळातल्या आकड्यावर विसंबू नका. माझी खूण सोपी आहे. चालत्या सायकलवर तेराचा पाढा मोठ्याने म्हणायचा. मध्ये श्वास तुटला तर वेग जास्त आहे.

छातीत दाबल्यासारखं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अंधारी, यांपैकी काहीही झालं तर तिथेच उतरा आणि मदत मागा. परक्या देशात उगाच त्रास कशाला, हा विचार करायचा नाही.

गुडघ्याच्या झिजेला सायकल चालण्यापेक्षा सोसते, कारण अंगाचा भार सीटवर असतो. पण त्याच कारणाने हाडं बळकट करायला सायकल पुरत नाही. हाडं ठिसूळ झाली असतील तर चालणंही चालू ठेवा.

किती लांब जायचं?

अंतर मोजून नाही, वेळ मोजून जा. पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटं जाणं, पंधरा मिनिटं येणं. माणूस जाताना ताजा असतो, म्हणून फसतो. मी दमायच्या आधी, अजून जावंसं वाटत असतानाच वळते. वारा असेल तर जाताना तोंडावर घ्या, म्हणजे येताना पाठीवर मिळतो.

ट्रेलवर दर अर्ध्या मैलाला आकड्याची खूण आहे, मोजणी शर्लिंग्टनपासून. ॲशबर्नची गावठाणातली जागा साधारण साडेसत्ताविसाव्या मैलावर, हर्नडन विसाव्याजवळ, लीसबर्ग चौतिसाव्याजवळ. हे आकडे पाठ झाले की आपण कुठे आहोत ते नेहमी कळतं. मी पहिल्या वर्षी तीन मैलांपलीकडे गेले नाही. दुसऱ्या वर्षी गूस क्रीकच्या पुलापर्यंत जाऊ लागले. क्लार्क्स गॅप त्यानंतर.

सीट फार टोचते. काय करू?

दहा दिवस जाऊ द्या, शरीर जुळवून घेतं. फार मऊ, जाड गादीची सीट उलट जास्त त्रास देते. दर दहा मिनिटांनी उतारावर पायडलवर किंचित उभं राहा. बधिरपणा येत असेल तर मात्र सहन करू नका, सीटचं टोक थोडं खाली करून पाहा आणि तरी थांबला नाही तर सीट बदला. प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी मधे खाच असलेली सीट घ्यावी.

शौचालय आणि पाण्याचं काय?

हा प्रश्न सगळे हळू आवाजात विचारतात, म्हणून मोठ्याने सांगते. याच कारणासाठी कित्येक बायका घराबाहेर पडत नाहीत, आणि पडल्याच तर पाणी पीत नाहीत. दोन्ही चुकीचं. निघण्यापूर्वी नकाशावर शौचालयाच्या खुणा पाहून ठेवा आणि वळायची जागा त्यानुसार ठरवा. हर्नडन, व्हिएन्ना, लीसबर्ग, पर्सेलव्हिलसारख्या गावांत ट्रेल भरवस्तीतून जाते, तिथे सोय होते. थंडीत सार्वजनिक पाण्याचे नळ बंद केलेले असतात, तेव्हा बाटली घरून न्यायची. सोबत मी चिक्की किंवा खजूर ठेवते.

कोणत्या महिन्यात यावं म्हणजे सायकल होईल?

निवड तुमच्या हातात असेल तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. एप्रिलमध्ये पानं फुटायच्या आधी रेडबडच्या फांद्या जांभळट गुलाबी फुलांनी भरतात, पाठोपाठ डॉगवूडची पांढरी फुलं. दम्याचा त्रास असेल तर मात्र याच दिवसांत परागकण भयंकर असतात, गाडीच्या काचेवर पिवळी पूड साचते. जुलै-ऑगस्टमध्ये हवा कोकणासारखी दमट, दुपारनंतर गडगडाटी पाऊस. तेव्हा सकाळी आठच्या आत परत. ॲशबर्नच्या आसपास विजेच्या तारांमुळे झाडं वाढू देत नाहीत, सावली तुटक आहे. खरी सावली लीसबर्गच्या पुढे.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पानांचे रंग बघायला सगळे येतात, पण वाटेवर पडलेली ओली पानं तेलासारखी घसरतात. शिवाय काळ्या अक्रोडाची लिंबाएवढी हिरवी फळं पडलेली असतात. चाक त्यांवर गेलं की सायकल हातातून निसटते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला घड्याळं तासभर मागे जातात आणि एका दिवसात संध्याकाळ पाचवर येते. त्या आठवड्यात दुपारच्या फेऱ्या लवकर आटपा.

साप, हरणं, किडे?

उन्हं खायला काळा लांब साप वाटेवर पसरलेला असतो, तो बिनविषारी. कॉपरहेड विषारी आहे, म्हणून सापाच्या जातीची खात्री करत बसू नका, लांबून थांबा, तो जातो. एक हरीण रस्ता ओलांडून गेलं की मागून दुसरं येणार हे धरून चाला.

सापापेक्षा गोचिडीपासून जपायचं. हरणांच्या अंगावरच्या बारीक गोचिडीपासून लाइम नावाचा आजार होतो. उंच गवतात शिरू नका, घरी आल्यावर गुडघ्यामागे, कमरेशी, काखेत, केसांच्या कडेला पाहा. चिकटलेली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर डॉक्टर. आणि तीन-तीन पानांची वेल दिसली तर हात लावू नका, पॉयझन आयव्हीने अंगाला फोड येतात.

पाहण्यासारखं मात्र पुष्कळ. लालभडक कार्डिनल पक्षी मी प्रथम बर्फाळ मार्चमध्ये कुंपणावर पाहिला. एवढा लाल पक्षी खरा असतो यावर विश्वास बसेना, मी सायकल तशीच धरून उभी राहिले, तो उडून जाईपर्यंत.

ई-सायकल घ्यावी का?

पाय कमजोर असतील, जोडीदाराबरोबर राहायचं असेल, तर जरूर. पहिल्या वर्गाची सायकल पायडल मारलं तरच मदत करते आणि ताशी २० मैलांवर मदत थांबते. दुसऱ्या वर्गाला हाताने फिरवायचा थ्रॉटलही असतो, तिसऱ्याची मदत २८ मैलांपर्यंत जाते. आपल्याला पहिला वर्ग पुरे. पण ती जड असते. कलंडली तर आपल्याने सावरत नाही, म्हणून आधी साध्या सायकलवर चढणं-उतरणं पक्कं करा.

येताना दमलो तर?

मेट्रो आहे. नोव्हेंबर २०२२ पासून सिल्व्हर लाइन ॲशबर्नपर्यंत येते आणि मेट्रोत सायकल कोणत्याही वेळी नेता येते. फक्त सरकत्या जिन्यावर नेत नाहीत, लिफ्ट घ्यायची. आम्ही कधीकधी ट्रेलने रेस्टनपर्यंत जातो, तिथल्या वीली-रेस्टन ईस्ट स्टेशनात शिरतो आणि सायकलींसकट गाडीने परत येतो. त्या दिवशी लेकीला फोन करून ऑफिसातून बोलवायची गरज पडत नाही, याचं समाधान निराळंच.

मुलं नको म्हणतात. विमा, हॉस्पिटल… त्यांची काळजी खोटी आहे का?

खोटी नाही. इथे एका रात्रीचा हॉस्पिटलचा खर्च ऐकून छाती दडपते. येताना काढलेल्या प्रवासी विम्यात आधीपासूनच्या आजारांना बहुतेक वेळा मर्यादा असते आणि अपघाताचे नियम निराळे. ते कागद मुलांबरोबर बसून शब्द न् शब्द वाचा. हेल्मेटच्या आत या देशातल्या सुरक्षा मानकाचा, सीपीएससीचा, शिक्का आहे का बघा. खिशात एक चिठ्ठी ठेवा, त्यावर नाव, मुलांचे फोन, औषधं, ॲलर्जी. नऊ-एक-एक हा इथला तातडीच्या मदतीचा नंबर, तो आपल्या फोनवरून कसा लावायचा हे आधीच समजून घ्या, आणि मदत मागताना जवळच्या खुणेवरचा मैलाचा आकडा सांगा. पत्ता सांगता येत नाही अशा जागी तोच पत्ता.

यानंतरही मुलांनी अडवलं तर त्यांना एक दिवस सोबत न्या. माझी लेक माझ्यामागून तीन मैल आली, मी प्रत्येक रस्त्याला पाय टेकताना तिने पाहिलं. परत आल्यावर तिने स्वतःच आरसा घट्ट करून दिला.

आमची मुलं दुसऱ्या राज्यात आहेत. तिथे असं काही मिळेल?

बहुतेक मिळेल. सिएटलची बर्क-गिलमन, फ्लोरिडातली पिनेलस, ओहायोतली लिटिल मायामी, या सगळ्या जुन्या रेल्वेमार्गांवरच्या डांबरी ट्रेल आहेत. कॅलिफोर्नियातल्या बे एरियात लॉस गॅटोस क्रीकच्या काठाने छान वाट आहे. न्यू जर्सीतल्या डेलावेअर-रॅरिटन कालव्याकाठची वाट सुंदर आहे, पण ती डांबरी नाही, तिथे जरा जाड टायर हवेत. वॉशिंग्टनजवळची माउंट व्हर्नन ट्रेल नदीकाठची म्हणून सगळे सुचवतात. नजारा अप्रतिम, पण ती अरुंद आहे, वळणं आणि चढ अचानक येतात, शनिवार-रविवारी गर्दी. तिथे सराव झाल्यावरच जा, आणि मधल्या वारी जा.

एकटीने गेलं तर चालेल का?

सुरुवातीचा महिना सोबत असावी. नंतर, माझं मत विचाराल तर, एकटीने जरूर जा. दोघं-चौघं जाण्यात मजा आहे, पण कुणाच्या सवडीची वाट न पाहता आपल्या मनाने दार उघडून निघण्यासाठी तर हा सगळा खटाटोप. दिवसाउजेडी जा, गर्दीच्या तुकड्यात राहा, फोन पूर्ण चार्ज करा, ठिकाण फोनवरून लेकीला दिसेल असं ठेवा.

आणि फोनवर सगळं दिसत असलं तरी मी फ्रिजवर चुंबकाखाली चिठ्ठी लावून जाते. कालची अजून तिथेच आहे. ‘साडेसत्तावीस ते एकतीस आणि परत. नऊला येते. चहा मी आल्यावर टाका.’